दारावरचा कडुनिंब

त्या दुपारी घरी पोचण्यात डॉ. श्रीनिवास मोडकचे तीन फायदे होते. दोन दिवसांनी आंघोळ, आईच्या हातचा गरम भात, आणि दिवस भरलेल्या बायकोला, सुनेत्राला, आपल्याच इस्पितळात नेऊन बाळंत करण्याचा मान. तिसरा फायदा मोठा होता. सुईणींवर बंदी घालावी, असा अहवाल त्याने नुकताच लिहिला होता. लिहिला होता तोही इस्पितळातल्या केसपेपरांवरून. चंडीगडला येऊन आठ महिने झाले, तरी आसपासच्या एकाही गावात तो गेला नव्हता.

दोन दिवसांपूर्वी शहरात बॉम्बस्फोट झाला, तेव्हापासून तो जखमींसाठी इस्पितळातच होता. शहरात कर्फ्यू लागला होता आणि फोन बंद पडले होते. दुपारी दोन ते चार कर्फ्यू उठला, तेव्हा ॲम्ब्युलन्सने त्याला घरासमोर सोडलं. फाटकातूनच त्याला दिसलं. दारावर कडुनिंबाचा डहाळा बांधलेला होता. ताजा.

श्रीनिवास वाईचा. वाईला कडुनिंब दोनदाच लागतो. एकदा गुढीला, आणि एकदा स्मशानातून परतल्यावर दारात पान चावायला. पाडवा होऊन तीन महिने झाले होते.

तेवढ्यात दार उघडून एक म्हातारी बाहेर आली. काखेत गाठोडं, सलवारीवर वाळलेले डाग.

"आप कौन?"

"दाई," ती म्हणाली आणि फाटकाकडे निघाली.

दार आठ पावलांवर होतं. तो आत गेला नाही. का गेला नाही, हे पुढे त्याचं त्यालाही सांगता आलं नाही. कोपऱ्यावर गस्तीची जीप उभी होती. त्याने तिला हात केला.

"इसको पकड़ो. इसने मेरी बीवी को मार दिया."

जीपमधले दोघे जवान केरळचे. त्या डहाळ्याचा अर्थ तिथे एकट्या म्हातारीला माहीत होता, आणि तिला कुणी विचारलं नाही. म्हातारी एकदा त्याच्या तोंडाकडे आणि एकदा दाराकडे बघत राहिली.

"पागल है, पुत्तर? अंदर जाके तो देख. मैंनूं जाण दे, देर हो जाऊ."

पळणाऱ्याला घाई असणारच, असा त्याने अर्थ लावला. म्हातारीला घेऊन जीप गेली.

मग दारात आई, सुहासिनीबाई, आली.

"ओरडतोस काय रे? आत्ता कुठे दोघींचा डोळा लागलाय."

"दोघींचा?"

"लेक झाली तुला. पायाळू. मी देव पाण्यात ठेवले, आणि त्या दाईनं, बसंत कौरनं, मला नुसतं गप्प बस म्हटलं. जरा वेळानं पोर माझ्या हातात."

श्रीनिवासला पायाळू म्हणजे काय ते नीट ठाऊक होतं. अशा केसला तो स्वतः वरिष्ठांना बोलावत असे.

"आणि तो पाला?"

"तिनंच बांधला. इकडे गावांत मुलगा झाला की बांधतात म्हणे. ही एवढी झगडून आली, म्हणून हिलाही बांधला." सुहासिनीबाईंनी फाटकाकडे मान वळवली. "चहाचा घोटही न घेता गेली. भेटली असेल ना तुला? पाया पडलास की नाही?"

जीप कुणाची होती, हे पुढे कुणालाच सांगता येईना. पहिल्या चौकीने श्रीनिवासला दुसरीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे. तिसऱ्या चौकीतल्या हवालदाराने पेन खाली ठेवलं.

"पकड़वाया आपने, छुड़ाओगे भी आप. बीवी ज़िंदा है कि मर गई, पहले ये तो तय कर लो, डॉक्टर साब."

बसंत कौर तिसऱ्या दिवशी सकाळी सापडली. पाचव्या चौकीच्या बाकावर बसली होती. तो वाकला. तिने पाय मागे घेतले.

"गड्डी है?"

"है, बीजी. आपके घर छोड़ देता हूँ."

"घर नहीं. बुडैल. छेती कर." तिने त्याला घाई केली.

बुडैल गावच्या गल्लीत एका घरासमोर खाटेवर म्हातारा बसला होता. तिला पाहून तो उठला नाही.

"दो दिन तेरी राह वेखी, बसंत कौरे. तेरे घर दो बार बंदा भेजा. ताला था."

"जीतो?"

"सवेरे ले गए."

"हस्पताल?"

"शमशान. कर्फ्यू में हस्पताल कौन जाने देता? पास ही नहीं मिला."

"ते बच्चा?"

"उसके पेट में ही."

श्रीनिवासच्या खिशात डॉक्टरचा पास होता. तो दाखवत त्याने दोन दिवस पाच चौक्या पालथ्या घातल्या होत्या.

सुनेत्रा सुखरूप सुटली. सुहासिनीबाईंना नात मिळाली. बसंत कौर चौकीतून बाहेर आली, आणि श्रीनिवासवर ना गुन्हा, ना ठपका. किंमत मोजली ती जीतोनं आणि तिच्या पोटातल्या बाळानं, आणि त्या दोघांनी श्रीनिवासला कधी पाहिलंही नव्हतं.