भिंतीची नवी बॅट

"लाल सोडून दुसरा कुठलाही रंग द्या, काका."

दुकानदाराने हातातलं रबर काउंटरवर ठेवलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. इतका वेळ सगळं सुरळीत चाललं होतं. टेबल टेनिसच्या नव्या बॅटचं लाकूड दोघांनी मिळून निवडलं होतं. रुंद, मऊ, चेंडूचा वेग गिळून टाकणारं. मध्येच दुकानदाराने एक वेगवान लाकूड पुढे सरकवून पाहिलं होतं, "कधीतरी तूही फटका मार की," म्हणून. पण तो हसून नको म्हणाला. टेबलापासून चार पावलं मागे राहायचं आणि समोरचा वैतागून चुकेपर्यंत त्याचा प्रत्येक चेंडू परत करायचा, हाच त्याचा खेळ. क्लबात त्याला सगळे भिंत म्हणत. खऱ्या नावाने हाक मारणारी आता एक आईच उरली होती.

रबरंही ठरली होती. एका बाजूला लांब दाण्यांचं, काळं. त्यावर आपटून चेंडू परत गेला की त्याची फिरकी समोरच्यावरच उलटते. दुसऱ्या बाजूला गुळगुळीत, पातळ स्पंजचं. त्यातून तो स्वतः फिरकी देणार. खेळता खेळता हातातल्या हातात बॅट उलटी करायची, ही भिंतीची खासियत. दोन बाजूंचे रंग वेगळे हवेत, हा नियम याचसाठी आहे. निदान रंग बघून तरी समोरच्याला कळावं, चेंडू कुठल्या बाजूने आला ते.

"इतकी वर्षं लाल-काळी वापरलीस," दुकानदार म्हणाला. "आणि नेमका परवा सामना असताना रंग बदलायचाय?"

"नियमात बसतं ना?"

"बसतं. एक बाजू काळी, दुसरी कुठलीही भडक. हेच रबर हिरव्यात पडून आहे माझ्याकडे. कुणी घेत नाही म्हणून."

"मग तेच लावा."

"कुणाला एवढा आवडतो रे हिरवा? येणार आहे वाटतं सामना बघायला?"

तो गालातल्या गालात हसला. "तसंच समजा."

दुकानदाराने मान हलवत लाकडावर गोंद पसरला. वयात आली की असली थेरं सुचतात पोरांना, असं त्याला वाटलं. एरवी त्याने हसून सोडून दिलं असतं. पण परवाचा सामना साधा नव्हता. स्पर्धेला जाणाऱ्या क्लबच्या संघात एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोन सख्खे भाऊ समोरासमोर उभे राहणार होते. थोरल्याची, म्हणजे भिंतीची, ही शेवटची संधी. याआधी निवड थोडक्यात हुकली होती, आणि स्पर्धा झाली की तो नोकरीवर रुजू होणार होता. मग कसला सराव न् कसलं काय. लहानपणी त्याच्या हातात पहिली बॅट दुकानदारानेच दिली होती, त्यामुळे त्याच्याइतकाच दुकानदाराचाही जीव त्या जागेसाठी टांगणीला लागला होता.

"धाकट्याची मला काळजी नाही," रबर दाबून बसवत दुकानदार म्हणाला. "फटका तोफेसारखा, पण तुझ्यासमोर आला की नुसती आंधळी कोशिंबीर. तू बॅट उलटी केलीस की गेलाच. लक्षच नसतं गाढवाचं."

"लक्ष असतं त्याचं."

"मग दरवेळी हरतो कशाला?"

त्याने कात्री तेवढी पुढे केली.

"घरी बोलता ना रे एकमेकांशी?"

"एकाच खोलीत झोपतो, काका. आई म्हणते, काय भांडायचं ते टेबलावर भांडा. घरात दोन चुली नकोत."

सामन्याच्या दिवशी दुकानदार दुकान बंद करून हॉलमध्ये जाऊन बसला. आधी त्याने प्रेक्षकांत एखादी मुलगी दिसते का ते पाहिलं. भिंतीकडे बघून लाजणारं कुणीच दिसलं नाही.

खेळ सुरू होण्याआधी रिवाजाप्रमाणे भावांनी एकमेकांच्या बॅटी पाहिल्या. धाकट्याने थोरल्याची बॅट उलटसुलट केली, पुन्हा उलटी केली. "दादा, ही मस्त दिसतेय रे!" तो म्हणाला. दादाने नुसती मान डोलावली.

भिंत त्या दिवशी जीव तोडून खेळली. कोपऱ्यात पळून, जमिनीलगत वाकून त्याने असे चेंडू काढले की लोक जागेवरून उठले. पण धाकटा आज चुकायलाच तयार नव्हता. दाण्यांवरून आलेला चेंडू तो अलगद ढकले आणि गुळगुळीत बाजूने आलेला उचलून मारे. बॅट कितीही वेळा उलटी होवो, तो फसला नाही. पाचवा गेम अगदी अटीतटीचा झाला आणि शेवटचा फटका भिंतीला भेदून गेला.

दुकानदार ताडकन उभा राहिला. लाकूड उत्तम, रबरं उत्तम, सवयीची होती तशीच. बदलला होता फक्त रंग. म्हणजे त्या एका हौसेपायी या पोराने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तो रंग लावून देणारे हात आपलेच. गर्दीतून वाट काढत तो भावांच्या बाकाशी गेला. थोरल्याला चांगलं झापायचं ठरवूनच गेला होता, पण त्याचा चेहरा इतका शांत होता की दुकानदाराने नजर धाकट्याकडे वळवली.

धाकटा बाकावर बसून बूट काढत होता. त्याच्या एका पायात काळा मोजा होता. दुसऱ्या पायातला लाल होता, बॅटच्या रबराचा असतो तसा.

"मोजे कसले घातलेस रे हे?" काहीतरी बोलायचं म्हणून दुकानदार म्हणाला. धाकट्याच्या मागे उभा राहून थोरला हाताने गप्प राहायची खूण करत होता, ती त्याला जरा उशिराच दिसली.

धाकट्याने वाकून दोन्ही पाय नीट निरखून पाहिले.

"का, काका? दोन्ही काळेच तर आहेत."