जायला बरा ऋतू

वस्तरा हनुवटीखाली आला तसा न्हाव्याने नेहमीचा विषय काढला. "आमचा मुलगा परदेशात असतो." मान दुसऱ्याच्या हातात असली की माणूस सगळं ऐकून घेतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

खुर्चीतलं गिऱ्हाईक नवं होतं. बोटीवरचा आचारी. न्हाव्याने देशाचं नाव सांगताच त्याने डोळे उघडले. "तिथे? अहो, मी सहा वर्षं काढलीत तिथे!"

न्हाव्याला फार आनंद झाला. दुकानामागच्या खोलीत, पडद्याआड, त्याची बायको पडून होती आणि तिच्या पलंगाखाली भरलेली बॅग होती. मुलगा फोनवर म्हणायचा, आत्ता नको, उन्हाने हाल होतील, की ती बॅगेत छत्री टाकायची. मग म्हणायचा, आता पाऊस लागलाय, डासांनी ताप येईल. मग वादळं यायची. नातवासाठी शिवलेलं झबलं बॅगेतल्या बॅगेत लहान झालं होतं. गल्लीतले चेष्टा करायचे, "काय, यंदा कुठला ऋतू आडवा आला?" न्हावी हसण्यावारी न्यायचा. पण यंदा बायकोची तब्येत पार ढासळली होती. आता जमलं तर जमलं.

"मग तुम्हीच सांगा," तो म्हणाला, "तिकडे जायला बरा ऋतू कोणता?"

आचारी फेसातून हसला. "तिथे कसले आलेत ऋतू? सकाळी ऊन, दुपारी घटकाभर पाऊस. बारा महिने तेच. वादळ म्हणाल तर एकही पाहिलं नाही. मनात आलं की उठायचं आणि जायचं!"

न्हाव्याने वस्तरा उगाचच पट्ट्यावर घासला. मग पुन्हा घासला. फोनवर मुलगा दर वेळी आधी अडखळायचा आणि मग हवामान सांगायचा. न्हाव्याला वाटायचं, लाइन खराब आहे. पोटच्या पोराला आपण नको आहोत, हे त्याला आज कळलं, तेही एका अर्धवट दाढी झालेल्या परक्या माणसाकडून. त्याला रडू येत होतं. पण गिऱ्हाईक खुर्चीत होतं.

पडदा हलला. बायको चौकटीला धरून उभी होती. हल्ली तिला कमी ऐकू यायचं, पण त्या देशाचं नाव तिच्या कानाने बरोबर टिपलं होतं.

"हे तिकडे राहून आलेत ना? मग विचारा की त्यांना, जायला कुठला ऋतू बरा."

आचारी तोंड उघडणार, तोच न्हाव्याने साबणाचा ब्रश त्याच्या ओठांवरून फिरवला.

"विचारलं गं," तो तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पुढचा."