बसरावाली

शाळेतल्या खुशाल मास्तरनं जाडजूड पुस्तक ओसरीवर आपटलं, तेव्हा जयवंताबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती.

"हळू रे बाबा! धूळ बसली ना फुलांवर."

"आजी, चांद्याच्या रद्दीत सापडलं. इंग्रजी मुलखाचं एकोणीसशे अठरा साल हाये यात, अख्खं!"

मास्तरला कागद दिसला की दम निघत नाही. त्यानं उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली. पाऊस किती पडला, कापसाला काय भाव होता, कोणता लाटसाहेब कुठं मुक्कामाला होता. लढाईवर किती शिपाई गेले. मानमोडीच्या तापाच्या साथीत किती लाख माणसं मेली.

"माही सासू, सासरा, दीर, सारे त्याच मानमोडीत गेले," ती म्हणाली. "लाखात मोजले असतील त्याइले."

नवरा तेव्हा घरी नव्हता. त्या साली इकडं बेज्जूरकडं निजामाचं राज्य आणि प्राणहितेच्या पलीकडं इंग्रजाचं. पलीकडं फौजेची भरती निघाली, तसा तो होडीत बसून गेला. समुद्रापार इराकात बसरेला पोचल्याचं एक कार्ड आलं, मग काहीच नाही. आता निजाम गेला, इंग्रज गेला, शाळेत तेलुगू पुस्तकं आली. जयवंताबाईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या तेवढ्या तशाच होत्या. गाव तिला बसरावाली म्हणायचं.

मास्तर खाली बसला. "आजी, शेवटी यादी हाये. बसरेकडं जे मेले, त्या शिपायांची. तू नाव सांग, मी आत्ता पाहून देतो."

तिचे हात थांबले.

"म्या त्याइचं नाव कसं घेऊ?"

"काऊन नाई? पन्नास वर्सं झाली!"

"लग्नात घेतलं होतं एकडाव. बायांनी दार अडवलं म्हणून. दोन महिन्यात हे फौजेत गेले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बाईनं नाव घेतलं की धन्याचं आविष्य कमी होते. म्या नाई घेतलं, म्हणून तर असतील कुठंतरी."

मास्तरला हसू आलं होतं. ते त्यानं गिळलं. "मंग दुसऱ्या कोणाले विचारू? नाव कोणाले ठाऊक हाये?"

कोणालाच नव्हतं. सासरचे मानमोडीत गेले, माहेरी कोणी उरलं नव्हतं, गावातली त्याच्या वयाची माणसंही एकेक करून गेली होती. हे तिच्याही आजवर ध्यानात आलं नव्हतं. आपण मेलो की ते नाव या जगातून गेलंच! किती आठवण यायची त्या माणसाची, आणि एवढ्या वर्षांत त्याला कोणी साधी हाक मारली नव्हती.

तिनं डोळे मिटले.

"मोतीराम," ती म्हणाली. अगदी हळू. मग घाईनं, "मोतीराम देवाजी. पाह्य आता."

मास्तरनं शेवटची पानं उघडली. नावं शेकड्यानं होती, छपाई बारीक. तो बोट फिरवत पुटपुटू लागला, "मोतीराम देवाजी... मोतीराम देवाजी... मोतीराम..."

जयवंताबाईनं एकदम डोक्यावर पदर घेतला. म्हातारीच्या गालावर चक्क लाज आली होती.

मास्तरचं बोट एका ओळीवर अडलं. तो पुस्तक डोळ्यांजवळ नेऊ लागला, तोच तिनं हात घालून ते मिटवलं.

"ऱ्हाऊ दे."

"अवं पण आजी, सापडून राह्यलं होतं!"

"ऱ्हाऊ दे म्हनलं ना." तिनं पुस्तक त्याच्या पिशवीत कोंबलं. "उद्या शाळा सुटली की ये. चहा ठेवतो."

"मंग उद्या पाहू?"

"पाहायचं नाई. नुसतं बसायचं, आन् आत्ता घेतलं तसं नाव घ्यायचं." ती फुलांवरून हात फिरवत राहिली. "तू घेतलं त त्याइचं आविष्य नाई कमी होत."