न दिसणारा उजेड

तुम्हाला खोटं वाटेल, पण १९७८ साली वडूजमध्ये मी खेळण्यातल्या गाड्यांच्या शर्यतीला इन्फ्रारेडचं घड्याळ बसवलं होतं. फौजेत सिग्नलच्या तुकडीत, तारा-यंत्रांच्या कामाला होतो ना! शेवटच्या रेघेवर डोळ्यांना न दिसणारा उजेड. गाडीनं तो अडवला की घड्याळ थांबायचं. जिंकेल त्यानं ट्रॅक घरी न्यायचा, असं माझं आणि दोस्त धनाजीचं ठरलं होतं.

माझी गाडी अकरा सेकंदांत आली. धनाजीची तर सुसाट सुटली, रेघ ओलांडून गेलीसुद्धा, पण घड्याळ थांबेचना! धनाजी नुसता येरझाऱ्या घालतोय. "माझीच गाडी दिसंना व्हय रं तुझ्या यंत्राला?"

बघतो तर काय, माझ्या बायकोनं, बायडाबाईनं, माझी गाडी आल्यावर ती ओवाळून निरांजन रेघेपाशीच ठेवलेलं. ज्योतीतही तोच न दिसणारा उजेड असतो, यंत्राला सारखा तोच मिळत राहिला. मधून गाडी गेलेली कळणार कशी? ट्रॅक राहिला माझ्याकडं.

परवा हे धनाजीसमोरच रंगवून सांगत होतो. शेंगा फोडता फोडता बायडाबाई थांबली.



"आवं, तवा मी बाळंतपणाला औंधला माहेरी हुते. निरांजन कुणी ठेवलं?"