चौथी दुरुस्ती

"अजून फट आहे." त्या माणसाचा असा तिसरा मेल आला तेव्हा तिने चहाचा कप टेबलावर आदळला.

नेटवर्कवरची माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून ये-जा करते. ती पाकिटं उघडून तपासणारं सॉफ्टवेअर ती आणि तिचा सहकारी सांभाळत होते. सोमवारी दुपारी एका अनोळखी माणसाने कळवलं, की मुद्दाम बिघडवलेलं एक पाकीट त्यात उघडलं, तर उघडणाऱ्याचं अख्खं मशीन परक्याच्या ताब्यात जातं.

खरं होतं. पाकिटावर जी लांबी लिहिलेली असे, ती सॉफ्टवेअर डोळे मिटून खरी मानत होतं. तिने त्याच संध्याकाळी दुरुस्ती केली. त्याने अर्ध्या तासात ती मोडून दाखवली. मंगळवारचीही मोडली. आता बुधवारची.

"माणूस नाही, जळू आहे!" ती म्हणाली.

जळूचं तेवढ्यावर भागत नव्हतं. "दुरुस्ती होईपर्यंत हा भाग बंद ठेवा, असं सगळ्यांना आजच कळवा."

"उगाच धावपळ उडेल," तिने लिहिलं. "शुक्रवारी नव्या आवृत्तीसोबत कळवू."

"शुक्रवारी उशीर झालेला असेल. आज."

"हा कोण लागून गेला?" ती सहकाऱ्यावर उखडली. "नाव सांगायचं नाही, आणि वर हुकूम सोडायचे!"

"डोकं खातोय, पण चुकीचं बोलत नाहीये," सहकारी म्हणाला. "टाक सूचना. निदान गप्प तरी बसेल."

तिने दात-ओठ खात सूचना टाकली. दुपारपर्यंत फोन घेऊन घेऊन सहकाऱ्याचा घसा बसला. ती मात्र जागची हलली नाही. ठिगळं लावायचं सोडून तिने तो सगळा भाग नव्याने लिहिला आणि चारच्या सुमारास त्याला पाठवून दिला.

अर्धा तास गेला. तास गेला.

"मोडता आली नाही," जळूने लिहिलं.

तिने खुर्चीत मान मागे टाकली. इतक्या शिव्या घातल्याची जराशी लाजही वाटली. फट दाखवणाऱ्याचे नव्या आवृत्तीत जाहीर आभार मानायची त्यांची पद्धत होती.

"छळलंत खरं, पण वाचवलंत," तिने लिहिलं. "आभार कुणाच्या नावाने मानू?"

त्याचा शेवटचा मेल आला.

"नाव नको. याच फटीतून लोकांच्या मशीनमध्ये शिरायचं, ही माझी दोन वर्षांची नोकरी. सोमवारी नवी यादी हातात पडली. तिसरं नाव माझ्या लेकीचं आहे."