पर्समधला अक्रोड

"आणि म्हातारीनं ते बशीत वाढलं!" मीनलनं रिकामी बशी नाश्त्याला आलेल्या विश्वास आणि सुलेखाच्या नाकाखालून फिरवली. "काळंकुट्ट. गोल. बिब्ब्यासारखं. पाकात बुडालेलं. मला वाटलं, बकरीचा डोळाच!"

सुलेखा किंचाळली. विश्वासनं पोह्यांचा चमचा खाली ठेवला. मीनलला हवं होतं तेच झालं.

(पहिल्या वेळी तो नुसता काळा गोळा होता. डोळा चौथ्या वेळी आला. गोष्ट सांगायची ही सहावी वेळ.)

"हिरव्या अक्रोडाचा मुरांबा होता तो," तिचा नवरा निशिकांत म्हणाला. "तिकडे कोवळा अक्रोड सालासकट..."

"तू गप रे. तुला दगड वाढला असता तरी 'वा, ऑथेंटिक' म्हणून चोखला असतास."

सप्टेंबरात निशिकांतच्या जहाज कंपनीनं त्याला बारा दिवस सायप्रसला पाठवलं होतं. मीनल सोबत गेली. समुद्र चांगला होता, हॉटेल चांगलं होतं. पण शेवटच्या रविवारी निशिकांतला डोंगरातलं जुनं गाव बघायची हुक्की आली.

"गाव कसलं? दगडांचा ढीग आणि वर द्राक्षाचे वेल. गल्ली एवढीशी, की गाढव आलं तर आपण भिंतीत शिरायचं."

(गाढव तिसऱ्या वेळी आलं.)

"माणसं म्हणाल तर चार म्हातारे. तेही खुर्च्यांना चिकटलेले. एक कप कॉफी सकाळी घेतली की संध्याकाळपर्यंत पुरते. अहो, आपल्या घराजवळच्या क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमधला, त्या खाण्याच्या स्टॉलांवरचा टेबलं पुसणारा अंकल त्यांच्यापेक्षा जास्त हलतो! आणि ही बया. नखशिखांत काळे कपडे. ओळख ना देख, हाताला धरून सरळ घरात ओढलं. पुढ्यात एक वही ठेवली. आल्यागेल्यानं त्यात नावपत्ता लिहायचा. म्हटलं, आता गणपतीची वर्गणी मागते की काय!"

विश्वास खो खो हसला. मीनल क्षणभर थांबली. तिचा कान आतल्या खोलीकडे होता.

फ्लॅट लहान होता. इतक्या मोठ्यानं बोलायची काही गरज नव्हती. पण त्या खोलीचं दार बंद होतं आणि दाराआड त्यांची मुलगी श्रिया होती.

सायप्रसला तिघांनी जायचं ठरलं होतं. मग श्रियाच्या शाळेच्या प्रिलिम्स परीक्षा नेमक्या त्याच बारा दिवसांत आल्या. कंपनीच्या तारखा काही बदलेनात. मीनलनं तिला मैत्रिणीकडे ठेवलं आणि बॅग भरली. श्रिया एवढंच म्हणाली होती, "ओके लाह. यू गो." दोन महिने झाले. आता जेवणापुरती बाहेर यायची, विचारलं तर इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यायची.

हीच मुलगी आईनं लिफ्टमधल्या खडूस आजीची नक्कल केली की हसून जमिनीवर लोळायची. म्हणून तर मीनल प्रत्येक पाहुण्यापुढे म्हातारीला उभी करत होती. दरवेळी थोडी आणखी वाकडी, थोडी आणखी बोळकी. दाराआडून एकदा, फक्त एकदा, खुदकन आवाज यायला हवा होता.

"नको म्हणायची सोय नाही," ती आणखी आवाज चढवून म्हणाली, "हा डोळे वटारून बसलेला! म्हातारी पाणी आणायला वळली मात्र, मी ते टिशूत गुंडाळलं नि घातलं पर्समध्ये. हॉटेलवर आल्या आल्या कचऱ्याच्या डब्यात! पर्सचं अस्तर अजून चिकट आहे, बघा."

सुलेखानं डोळे पुसले. "मीनल, तू ना नाटकात जायला हवं होतंस."

आणि दार उघडलं.

मीनलचा चेहरा उजळला. श्रिया बाहेर आली. तिच्या हातात काचेची बरणी होती. बरणीत काळे, गोल अक्रोड होते. अर्धी बरणी संपलेली होती.

"हे कुठून आलं?" निशिकांतनं विचारलं.

"पोस्टानं. मंगळवारी. माझ्या नावावर. बाबा, तुम्ही त्या वहीत माझं पण नाव लिहिलं होतं."

बरणीबरोबर पत्र होतं. म्हातारीनं सांगितलेलं, गावातल्या मास्तरांनी इंग्रजीत उतरवलेलं. श्रिया ते मराठीत वाचू लागली. अडखळत, एकेक शब्द शोधत.

"मुली, तुझी आई माझ्या घरी आली होती. मी तिला एक अक्रोड दिला. तिनं तो खाल्ला नाही. मी पाणी ओतत होते, पण समोरच्या काचेत मला सगळं दिसत होतं. तिनं तो गुपचूप कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. तुझे वडील म्हणाले होते, मुलगी परीक्षेसाठी मागे राहिली आहे. तेव्हा मला कळलं. माझी आई पण लग्नघरी मिळालेलं असंच बांधून आणायची आमच्यासाठी. स्वतः चाखायची पण नाही. एका अक्रोडानं काय होतं? म्हणून ही बरणी. आईला पण दे. ती तशीच गेली."

सुलेखा चहाच्या कपातल्या सायीकडे बघत राहिली.

"अगं श्रिया, मी आपली नुसती गंमत..."

श्रियानं बरणीत चमचा घातला. एक अक्रोड काढला आणि मीनलच्या हातातल्या रिकाम्या बशीत ठेवला.

"पत्रातल्या आजीची गोष्ट जास्त चांगली आहे, आई," ती म्हणाली. "हिच्यात मी आहे."