दोन बादल्यांची मशीन

“पानी किती लागते हिले?” मैनाबाईनं पुन्हा विचारलं.

बर्डीच्या बाजारातल्या दुकानात दुकानदार ओमप्रकाश कपडे धुण्याच्या दोन मशिनी दाखवत होता. मोठीला सहा बादल्या, लहानीला दोन, असं त्यानं परत सांगितलं.

मैनाबाईच्या नवऱ्याचं, जागेश्वरचं, मन मोठीवर होतं. बायकोचं पोट कधीपासून दुखत होतं. मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात ती एकटीच जाऊन आली होती. गॅस आहे म्हणाली. तरी मोरीत बसून कपडे आपटणं तिला आता झेपत नव्हतं. तिचे हाल थांबावेत, एवढंच त्याला हवं होतं.

“मोठीच घेऊ वं,” तो म्हणाला.

“नळ येते घंटाभर. एवढं पानी कोन भरन?”

“मी भरीन.”

“त्या खांद्यानं?” ती हसली.

मागावर धोटा फेकून फेकून त्याचा उजवा खांदा कधीचाच गेला होता.

तिनं लहानीच पसंत केली. बटण मात्र त्यालाच फिरवायला लावलं. एकदा जमलं तरी पुन्हा, आणि पुन्हा. काकाजी आता पक्के धोबी झाले, असं ओमप्रकाश म्हणाला तेव्हा जागेश्वरला लाज वाटली. कापड विणायचं तेवढं; घरातले कपडे धुवायला त्यानं कधी हात लावला नव्हता.

मशीन नंदनवन वस्तीतल्या घरी आली. त्याची धोतरं, सदरे मैनाबाईनं त्याच्याच हातून धुऊन घेतले. आपण पाटावर बसून बघत राहिली. मग स्वतःचं लुगडं उचलून मोरीकडे निघाली.

जागेश्वरनं ते तिच्या हातून घेतलं आणि मशीनमध्ये कोंबून पाहिलं. जाड सुती नऊवार मावेना. झाकण लागेना.

त्याला नवल वाटलं. त्याच्या मागासाठी कांड्या भरताना जिचं सूत कधी कमी पडलं नाही, त्या बाईचा अंदाज चुकावा, तोही लुगड्याच्या बाबतीत?

“बदलून आनतो,” तो म्हणाला.

“राहू द्या. माह्या लुगड्याचं मी पाहून घेईन.”

दुसऱ्या दिवशी ती दुपारची पडली होती, तेव्हा तो बसनं बर्डीवर गेला. बायकोची चूक झाली, मोठी मशीन द्या, असं त्यानं ओमप्रकाशला सांगितलं.

ओमप्रकाश गल्ल्यावरून उठून बाहेर आला. त्यानं जागेश्वरला स्टुलावर बसवलं. काकू मशीन घेतली त्या दिवसाच्या आधीच एकदा मेडिकलमधून सरळ दुकानात आल्या होत्या, असं तो म्हणाला. लहान मशीन त्यांनी तेव्हाच पाहून ठेवली होती. आमचे हे बदलायला येतील, त्यांना मोठी देऊ नका, असंही बजावलं होतं.

“काहून गा?”

“मले वाटलं, तुमाले मालूम असन, काकाजी.” ओमप्रकाशनं मान खाली घातली. “काकू म्हनाल्या, एका मानसाचे कपडे मावले म्हनजे झालं. मी गेल्यावर त्यायच्यानं दोन बादल्यांच्या वर पानी उचलनं होनार नाही.”